त्या बंद भांड्यात काय होतं

गेल्या महिन्यात माझ्या नातवानं जेवताना एक गोष्ट सांगितली. लढाईच्या काळात म्हणे वाशीमला एक जर्मन डॉक्टरीण होती. ती भडभुंजाच्या भट्टीत गाईचं मांस शिजवत ठेवायची. एकदा भांड्यातून रक्त उतू आलं, सगळ्या गावाचे फुटाणे बाटले, आणि लोकांनी तिला गावाबाहेर काढलं. सगळे हसले. सुनेनं तोंड वाकडं करून ताट थोडं दूर सारलं.

"आजोबा, तुमी तं तिथंच कामाले होते ना?" नातवानं विचारलं.

"लई जुनी गोष्ट हाय बापा," मी म्हणालो, आणि ताक मागितलं.

साठ वर्षं झाली तरी माझ्या तोंडून तेच निघालं. म्हणून हे लिहायला बसलो आहे. मला आता चष्म्यातूनही ओळ सरळ दिसत नाही. तरी जेवढं होईल तेवढं लिहीन. यानं कोणाचं भलं होईल असं मला वाटत नाही. ज्यांचं व्हायला हवं होतं त्यातलं कोणी आता नाही.

तेव्हा वाशीम अकोला जिल्ह्यात होतं. गावात कापसाचे जिन होते, आणि त्यातल्या एका जिनवाल्या शेठनं बायकांसाठी दवाखाना काढला होता. तिथं मी कंपाउंडर होतो, वय तेवीस. लढाई सुरू झाली त्याच वर्षी शेठनं मुंबईहून एक डॉक्टरीणबाई आणल्या. चाळिशीच्या, उंच, केस कापलेले. बरोबर त्यांची म्हातारी आई. गाव त्यांना जर्मन म्हणायचं. जर्मन सरकारनंच त्यांना घरातून हाकललं होतं, कारण त्या यहुदी होत्या. हे मी दोन-चार जणांना समजावून पाहिलं. पण ज्यांच्याशी आपल्या सरकारची लढाई चालली आहे तिथून आलेली बाई जर्मनच, एवढंच लोकांना कळायचं. बाईंना दर आठवड्याला पोलीस ठाण्यात हजेरी द्यावी लागे. रिसोडला रोगी पाहायला जायचं तरी आधी विचारावं लागे. त्या कधी कुरकुरल्या नाहीत.

बाई पुस्तकातून मराठी शिकल्या होत्या आणि ती चुकत-माकत बोलत. म्हातारीला एक अक्षर येत नव्हतं. ती सगळं हातानं सांगायची. तिचा देवधर्म मात्र कडक. शुक्रवारी दिवस मावळला की शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत ती चूल पेटवत नसे, विस्तवाला हात लावत नसे, घराबाहेर काही उचलून नेत-आणत नसे. मग शनिवारी गरम जेवायचं कसं? त्यांच्या गावाकडे म्हणे सगळ्या घरची भांडी शुक्रवारीच पाववाल्याच्या भट्टीत ठेवत. वाशीमला पाववाला नव्हता. भडभुंजा होता. त्याची भट्टी संध्याकाळी विझली तरी राखेखालचा निखारा सकाळपर्यंत जिवंत असायचा. तेव्हा शुक्रवारी उन्हं उतरताना मी ते भांडं भट्टीच्या कडेला राखेत पुरून यायचो आणि शनिवारी सकाळी दहा-अकराला परत आणायचो. भडभुंजा त्याचे पैसे घेत नव्हता. बाईंनी त्याच्या बायकोचा हात सडण्यापासून वाचवला होता.

भांड्यात काय असायचं ते सांगतो. आपली लाल गावठी गाजरं, चकत्या करून. रताळी. खारका, मनुका, आणि कोणी काबुली आला असेल तर त्याच्याकडचे जर्दाळू. दोन संत्र्यांचा रस आणि थोडी किसलेली साल. गूळ, चिमूटभर मीठ, दालचिनीचा तुकडा, वरून चमचाभर तूप. झाकण ठेवून म्हातारी त्याच्या कडेला कणकेची वळी थापायची, म्हणजे वाफ बाहेर जायला नको. बास. मांसाचा तुकडा त्यात कधीही नव्हता. असू शकतच नव्हता. त्यांच्या धर्मात जनावर कापायची ठरलेली रीत असते आणि ती रीत जाणणारा माणूस आमच्या भागात कुठेच नव्हता. त्यामुळे वाशीमला पाय ठेवल्यापासून त्या मायलेकींनी मांस तोंडात घातलं नव्हतं. आमचं घर माळकरी होतं, वडिलांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. त्या घरापेक्षा ती चूल काही कमी सोवळी नव्हती.

म्हातारी त्या पदार्थाला त्सिमेस म्हणायची. माझ्या जिभेवर ते चिमेस झालं.

पहिल्यांदा तिनं वाटी पुढे केली तेव्हा मी मागे सरलो. परक्या धर्माच्या हातचं खायचं म्हणजे घरी कळलं तर अंगणातही उभं राहता आलं नसतं. त्यात माझ्या लग्नाची बोलणी मंगरूळपीरकडच्या एका माळकरी घरात चालली होती. पण म्हातारीनं झाकणाची कणीक सुरीनं फोडली आणि असा वास आला की मी वाटीत डोकावलो. भोगीची भाजी! आमच्याकडे संक्रांतीच्या आदल्या दिवशी गाजर, बोरं, घाटे, तीळ घालून करतात, तिचीच कोणी लांबची बहीण वाटली. मी उभ्या उभ्या खाल्लं. म्हातारी हसली आणि तिनं माझ्या गालाला हात लावला. त्यानंतर दर शनिवारी खात गेलो. घरी सांगायचो, दवाखान्यात गर्दी होती.

त्या हिवाळ्यात माझी धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिला रिठदला दिलं होतं. वय अठरा. तिच्या जिभेला कशाची चव लागत नव्हती, भाकरीच्या वासानं ओकारी यायची. एका शनिवारी मी डब्यात थोडं चिमेस घेऊन आलो. ती गोठ्यात शेणाच्या पाट्या भरत होती.

"काय हाय?"

"खाऊन पाह्य. इचारू नको."

तिनं बोटानं चाखलं, मग डबाच तोंडाला लावला. "माय वं! हे तं भोगीची भाजी हाय, पण लगन झालेली." मग एकदम थांबली. "बाईच्या घरचं हाय काय?"

"हो."

"बाबाले समजलं तं तुले उलटं टांगतीन."

"अन् तुले?"

"मले कायले? मी तं दोन जिवाची. माह्यातला तो खाऊन राह्यला, मी नाही." तिनं डबा चाटूनपुसून माझ्या हातात दिला. "पुढच्या शनवारी जरा जास्त आण भाऊ. कंजूषपना करू नको."

मग दर शनिवारी मी तिच्यासाठी डबा आणायचो. तिच्या अंगावर थोडं मांस चढलं. मायला वाटायचं माहेरची हवा मानवली.

मी तिला दवाखान्यातही घेऊन गेलो. बाईंनी बराच वेळ पोट तपासलं आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, "मूल आडवा आहे. अजून फिरेल कदाचित. फिरला नाही तर सुईण काही करू शकणार नाही. पोट दुखायला लागला की मला बोलवा. लगेच. उशीर नाही." मी घरी सांगितलं. वडिलांनी मान हलवली. "बोलावू ना. बाई गुनाची हाय," ते म्हणाले. म्हणजे तेव्हा सगळं ठरलेलं होतं.

संक्रांतीच्या आदल्या आठवड्यातला शनिवार. लाडवात घालायला डाळं, शेंगदाणे भाजून घ्यायला बायका सकाळपासून भडभुंजाकडे आल्या होत्या. आदल्या दिवशी मी घाईत होतो. भांडं राखेत ठेवलं, पण नीट पुरलं नाही, निखाऱ्याच्या फार जवळ राहिलं. एका बाजूची कणीक करपून तडकली आणि गाजर-गुळाचा लाल रस उतू जाऊन शेजारच्या वाळूच्या ढिगात मुरला. भडभुंजानं पहाटे तीच वाळू कढईत घेतली. चार-पाच जणींचं भाजून झालं तेव्हा कोणाला तरी डाळ्यांना चिकटलेले लाल खडे दिसले. मग ढिगातली ओली जागा दिसली. मग भांडं.

आमच्याकडची गाजरं लाल असतात हे काय त्या बायकांना ठाऊक नव्हतं? रोज चिरत होत्या. पण भांडं त्यांच्या चुलीवरचं नव्हतं.

मी पोचलो तेव्हा भडभुंजीण कपाळावर हात मारत होती. मी काही न बोलता भांडं उचललं आणि निघालो. तिथं झाकण काढून दाखवलं असतं तर पाच मिनिटांत मिटलं असतं. मला ते सुचलं होतं. पण झाकण मी काढलं असतं तर आतलं काय आहे हे मला कसं माहीत, असं कोणीतरी विचारलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ-दहा माणसं आमच्या अंगणात आली. भडभुंजा मागे उभा होता, त्याला बहुधा ओढूनच आणलं होतं. वडील ओसरीवर बसले होते. एका शेजाऱ्यानं सुरुवात केली.

"भांडं हाच नेते अन् हाच आनते. इचारा याले, त्याच्यात काय असते."

"सांग ना बे," दुसरा म्हणाला. "घरोघरी डाळं गेलं. देवाच्या लाडवात गेलं असतं."

"गाजरं असतेत," मी म्हणालो.

"तुले काय मालूम? झाकन तं कनकीनं बंद असते."

"अन् शनवारी हा दुपारपावतर घरी जेवाले येत नाही," शेजारी हसत म्हणाला. "कुठी जेवते काय मालूम. जर्मन बाईची भाकर गोड लागत असन."

लोक हसले. वडील हसले नाहीत. त्यांनी माळेला हात लावला आणि मला विचारलं, "तू पाह्यलं काय रे, आतमंदी काय असते ते?"

मी पाहिलं होतं, चाखलं होतं, बहिणीला खाऊ घातलं होतं. मी म्हणालो, "मले काय मालूम. भांडं बंद असते. त्या लोकायच्यात खातेत म्हनतेत."

या वाक्यावर मी पुढं बराच विचार केला. एकेक शब्द सुटा धरला तर त्यात खोटं फारसं नाही. त्या लोकांत मांस खातात, हे खरंच. असं वाक्य मला इतक्या झटकन कसं सुचलं कोण जाणे. बहीण दाराआड उभी होती. तिनं ऐकलं. ती नंतर मला एवढंच म्हणाली, "भाऊ, असं काहून बोलला?" मी तिच्यावरच ओरडलो.

भडभुंजानं सगळी वाळू फेकली, भट्टी गोमूत्रानं शिंपडली. दवाखान्यात बायका येईनाशा झाल्या. पंधरा दिवस मी रिकाम्या बाकांवरची धूळ पुसत होतो. शेठनं निरोप पाठवला, रोगी नाहीत तर दवाखाना कशाला, महिनाअखेर बंद. बाईंनी मला समोर बसवलं.

"तुम्ही यांना सांगितलं नाही? तुम्ही तर खाता."

"सांगितलं बाई. ऐकत नाहीत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विश्वास ठेवला. म्हातारी शनिवारी थंडच जेवू लागली. तरी माझी वाटी काढून ठेवायची. मी पोटावर हात ठेवून उपास असल्याची खूण करायचो. उपास तिला कळायचा, तीही करायची. पुढच्या शनिवारी पुन्हा वाटी असायची.

घरी मी एकदा विषय काढून पाहिला. बहिणीच्या वेळेला बाईंना बोलवावं लागेल, मूल आडवं आहे. वडील म्हणाले, "त्या हातानं माह्या पोरीले शिवू देऊ? सासरचे नांदवतीन काय तिले मंग? सुईन हाय." मी म्हणालो, सुईणीला जमणार नाही. ते म्हणाले, "तुह्या जलमाच्या वेळी कोनती डॉक्टरीन आली होती?"

माघात एका सकाळी कळा सुरू झाल्या. दुपार झाली तरी काही नाही. सुईण बाहेर येऊन पाणी प्यायची, पुन्हा आत जायची, आणि दर वेळी तिचा चेहरा अधिक उतरलेला असायचा. तीनच्या सुमारास ती मायला म्हणाली, "हात बाहीर आला वं." मी तसाच पळत दवाखान्यात गेलो. बाईंचं सामान अर्धं बांधून झालं होतं. त्यांनी एक शब्द न विचारता पेटी उचलली आणि माझ्या पुढे चालू लागल्या.

अंगणात वडील आडवे आले. त्यांच्या मागे दोन चुलते.

"बाई, तुमी इथंच थांबा."

"मुलगी मरेल," बाई म्हणाल्या. "दोघं मरतील."

"देवाची मर्जी."

बाई माझ्याकडे वळल्या. "सांगा यांना," त्या म्हणाल्या. "आता सांगा." मी जमिनीकडे पाहत राहिलो.

मग बाईंनी वेगळंच केलं. त्या खोलीच्या भिंतीला लागून झरोक्याखाली उभ्या राहिल्या आणि तिथूनच सुईणीला सांगू लागल्या. हात उकळलेल्या पाण्यानं धू. बाहेर आलेला हात ओढू नको. तिला कुशीवर वळव. पाय कुठे आहे ते शोध. त्यांची मराठी सुईणीला कळेना. मग मी झरोक्याशी गेलो आणि त्यांचं एकेक वाक्य आमच्या बोलीत करून आत सांगत राहिलो. तास, दीड तास. ओरडून ओरडून माझा घसा बसला. सुईण आतून रडत म्हणत होती, "नाही गवसत, नाही गवसत."

तेव्हा आतून बहिणीचा आवाज आला. क्षीण, पण स्पष्ट.

"बाबा, तिले येऊ द्या. त्याच्यात काही नव्हतं. गाजरंच होती. मीबी खाल्लं. भाऊनं आनलं, आमी दोघायनं खाल्लं."

चुलत्यांनी माझ्याकडे पाहिलं. वडील ओसरीवरून खाली उतरले, माझ्यासमोर येऊन उभे राहिले. आज मला वाटतं, त्या घडीला त्यांना हवंच होतं की मी हो म्हणावं. मग बाटलेलं घर बाटलेलंच, आता कोणी शिवलं काय आणि न शिवलं काय, असं म्हणून त्यांना बाजूला होता आलं असतं.

"खरं हाय काय रे?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा," मी म्हणालो. "वातात बोलून राह्यली ते."

वडील परत ओसरीवर गेले. आतून मग शब्द आला नाही. तिनं माझं उत्तर ऐकलं असणार, झरोका उघडाच होता. बाईंनाही कळलं. एवढी मराठी त्यांना येत होती. पण त्या माझ्याकडे वळल्या नाहीत. झरोक्याकडे तोंड करून त्या पुढचं वाक्य सांगत राहिल्या, आणि ते आमच्या बोलीत करून आत सांगायला मी तिथं उभा होतो.

दिवस मावळायच्या आधी दोघंही गेली. मुलगा होता.

चार दिवसांनी बाई आणि म्हातारी गेल्या. मी स्टेशनवर गेलो नाही. कुठं गेल्या, म्हातारी किती जगली, काही कळलं नाही, आणि मी कोणाला विचारलंही नाही. माझं लग्न ठरल्याप्रमाणे मंगरूळपीरकडच्या त्या घरात झालं. बायकोबरोबर सेहेचाळीस वर्षं संसार केला, तिला यातलं काही सांगितलं नाही. वडील आणखी नऊ वर्षं जगले. बहिणीचा विषय निघाला की ते लोकांना सांगायचे, "शेवटी शेवटी पोट्टी भरमली होती. काहीच्या काही बोलत होती." माय म्हणायची, बाहेरचं काही लागलं होतं. रिठदला तिच्या सासरीही तेच सांगितलं गेलं आणि अजून तिथं कोणी तिची आठवण काढलीच तर तसंच काढतात, मरताना वेडंवाकडं बोललेली सून म्हणून. मी दर वेळी तिथं बसलेला असायचो आणि मान हलवायचो.

ती भरमलेली नव्हती. तिला वात झालेला नव्हता. माझी बहीण पूर्ण शुद्धीवर होती, आणि त्या अंगणात त्या दिवशी आमच्या घरातलं तेवढं एकच माणूस खरं बोललं.